आधी बंद, मग विचारपूस

आई, शाळेने होकार दिला आहे. तुझ्या नातीच्या वर्गशिक्षिकेने आज दुपारी स्वतः फोन करून सांगितलं. पोरीने डोक्यावर पालथा पंजा ठेवला, की कोणी काही न विचारता तिला वाचनालयात जाऊन बसू द्यायचं. मुख्याध्यापिकांचीही त्याला मान्यता आहे. नाहीतर महिनाअखेरीला "दुसरी शाळा बघा" असं लेखी हातात पडणार होतं. तू जाऊन अठरा वर्षं झाली, ही नात तू पाहिली नाहीस. सात वर्षांची आहे. आम्ही बोळिंजला राहतो. मधल्या सुट्टीची घंटा होते, चाळीस मुलं एकदम बोलायला लागतात आणि ही बाकाखाली शिरते. असं का करते, हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

मी तेवढीच होते. नव्वदीतलं तुळिंज, संध्याकाळचा बाजार. रिक्षांचे हॉर्न, सुक्या मासळीचा वास, कॅसेटच्या दुकानातला कर्णा, प्रत्येक गाडीवर उघडा दिवा. कांदेवाल्यासमोर मी कान झाकून रस्त्यातच बसले. तू पाठीत धपाटा घातलास. "ऊठ, लोक बघतायत." मी उठले नाही. शेवटी तू मला फरफटत घरी नेलंस आणि रात्री जेवलीच नाहीस. दुसऱ्या दिवशी कणीक मळता मळता म्हणालीस, "काल काय होत होतं तुला?" मी म्हटलं, "सगळं एकदम आत येतं." तू कणकेला पाण्याचा हात लावलास. मग म्हणालीस, "आमच्या गाळ्यासारखं."

वसई पूर्वेच्या त्या गाळ्यात स्टीलचे पेले बनायचे. पत्र्याला आकार देणारी प्रेस चालू असली की शेजारणीचा शब्द शेजारणीला ऐकू जायचा नाही, म्हणून तुम्ही पेले पुसणाऱ्या बायका हातांनी बोलायचात. दोन बोटं कपाळाला म्हणजे शेठ आला. अंगठा ओठांना म्हणजे चहा. आणि डोक्यावर पालथा पंजा म्हणजे मशीन बंद कर. ही खूण कालच कामाला लागलेल्या बाईने केली तरी प्रेसवाला आधी बटण दाबायचा, कारण नंतर विचारायचा. कोणाचा तरी हात आत असू शकतो, म्हणून. कणकेचा हात तसाच डोक्यावर ठेवून तू मला ती खूण शिकवलीस. "तू असं केलंस की मी बंद करणार. का म्हणून विचारणार नाही. पण उगाच नाही करायचं हां."

मी उगाच कधी केली नाही. तू रेडिओ बंद करायचीस, हातातलं काम टाकून मला जिन्यात न्यायचीस. बाजार आपण सकाळीच करू लागलो. फ्रॉकच्या मानेमागची कंपनीची टोचणारी चिठ्ठी तू नवीन असतानाच उसवून टाकायचीस. एका लग्नात बॅन्जो सुरू झाला, माझा हात डोक्यावर गेला आणि तू भरल्या पंगतीतून उठलीस. आत्या म्हणाली, "वहिनी, पोरगी काय साखरेची आहे? विरघळते ती?" तू ताट उचलत म्हणालीस, "हो. म्हणूनच गोड आहे." मागच्या दारी, भांडी घासायच्या मोरीपाशी बसून आपण जिलबी खाल्ली.

घरातही आपण खुणांनी बोलायला लागलो आणि तिथेच घोटाळा झाला. शेजारच्या काकूंनी ते पाहिलं. गाळ्यातल्या आवाजाने पोर पोटातच बहिरं झालं, असं चाळभर झालं, ते शाळेत पोचलं. बाई मायाळू होत्या. त्यांनी मला पहिल्या बाकावर घेतलं आणि माझ्या कानाशी वाकून प्रत्येक शब्द ओरडून सांगू लागल्या. मी डोक्यावर पंजा ठेवायचे. बाईंना वाटायचं मला समजत नाहीये, त्या आणखी जोरात ओरडायच्या. आठवडाभराने मी शाळेत जायचंच सोडलं.

तू अर्धा दिवस रजा टाकून आलीस, केसांवर पॉलिशची करडी धूळ तशीच. मी तुझ्या पदराआड उभी होते.

"बाई, माझी पोर बहिरी नाही."

"अहो, मग घरी हातवारे कशाला करता? शेजारीपाजारी सांगतात ना."

"ते गाळ्यातलं आहे. हिला कमी नाही, जास्त ऐकू येतं. तुम्ही हळू बोलून बघा."

"इतकी वर्षं शिकवतेय," बाई हसल्या, "हळू बोला सांगणारी आई पहिलीच."

पण त्या हळू बोलल्या. सातचा पाढा विचारला, तो मी छप्पन्नपर्यंत म्हटला आणि अडले. तरी दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाऊ लागले.

आता मी वर्तमानपत्रात काम करते. संध्याकाळी पान छपाईला सोडायच्या वेळेला फोन, टीव्ही आणि माणसं एकदम सुरू होतात. मी जिन्यात दोन मिनिटं उभी राहते, परत येते, पान वेळेवर जातं. सहकाऱ्यांना वाटतं फोन करायला जाते. वाटू दे.

एक सांगायचं राहिलं. ही खूण सुचवायला शाळेत गेले, तेव्हा मुख्याध्यापिकांच्या खोलीत वर्गशिक्षिकेने विचारलं, "खूण छान आहे, कुठून शिकलात?" मी म्हणाले, एका पुस्तकातून. त्या खोलीत, त्या काचेच्या टेबलासमोर, पेले पुसणाऱ्या बायका माझ्या तोंडून निघाल्या नाहीत. दुसऱ्यांच्या चुकांच्या दुरुस्त्या मी रोज छापते.

हे पत्र कुठे टाकणार? सोमवारी पहिल्या तासाला वर्गशिक्षिकेने मला बोलावलंय, सगळ्या मुलांना ही खूण शिकवायला. ती कोणी काढली, हे मुलं विचारतीलच, आणि या वेळी मी खरं सांगणार आहे. पेले, प्रेस, शेठ, सगळं. शेठसाठीची दोन बोटं बघून वर्गात हसू उसळेल, गलका होईल. तुझी नात तेव्हा बहुतेक डोक्यावर हात ठेवून उठेल आणि माझी गोष्ट अर्धवट टाकून निघून जाईल.