होडीतला उलटा डबा

६ मार्च

नको म्हटलं तरी तिकिटं काढून मोकळी! ख्वेन माझी मुलगी आहे की सासू, तेच कळेनासं झालंय.

परवा रविवारी जायचं. दोन दिवस, एक रात्र. मोठ्या बोटीवर. मी, ती, तिचा तो हनोईचा थुआत आणि थुआतची आई. "सगळ्यांची ओळख होईल, आई." ओळख करून घ्यायला घर आहे की! चहा पाजला असता, माझ्या हातच्या माकूळ मासळीच्या वड्या खायला घातल्या असत्या, झाली ओळख.

मी म्हटलं, चौतीस वर्षं समुद्रातल्या त्या डोंगरांच्या मधे तराफ्यावर काढली. तिथंच खाल्लं, तिथंच हगलो, तिथंच तुला जन्म दिला. सरकारनं उचलून जमिनीवर आणून टाकलं त्याला बारा वर्षं झाली. आता तिकीट काढून तेच बघायला जायचं?

तर म्हणाली, "तेच सांगते. बोटीवर हे तराफ्याचं काही बोलू नकोस. मावशीचं तर नावसुद्धा काढू नकोस."

बरं! लाज वाटायला लागली तर. जेट्टीवरच्या ऑफिसात गार हवेत बसते ना आता, गळ्यात पट्टा घालून.

उखळात माकूळ घातलं आणि कुटत बसले. दगड फुटेल असं कुटलं.

पण मूळ गोष्ट तशीच राहते. आमच्यात घरातल्या मोठ्या माणसानं मुलगा बघितल्याशिवाय आणि पूर्वजांपुढे उदबत्ती लावल्याशिवाय मुलगी देत नाहीत. मोठं माणूस आता एकच उरलंय. मुईताई, माझी थोरली बहीण. आणि ती नऊ वर्षं माझ्याशी बोललेली नाही. तिला विचारायला कोण जाणार? मी? ह्या जन्मात नाही.

७ मार्च

भिंतींना घाम सुटलाय. फरशी ओली, चादर ओली, नवा सदरा वाळत घातला तर आणखीच ओला. वास मारतोय. तोच घालणार.

८ मार्च, बोटीवर

शी!

काय ती बोट. सगळीकडे सोनेरी रंग. पलंगावर टॉवेलाचे हंस करून ठेवलेत, वर गुलाबाच्या पाकळ्या. पाकळ्या कोण झाडणार? मीच झाडल्या. हंसाचा परत टॉवेल केला आणि तोंड पुसलं.

डोंगर दिसेनात! धुकं आणि बारीक पाऊस. पोरं छत्र्या घेऊन फोटो काढतायत — पांढऱ्याचा फोटो, मागं पांढरं. बोटीवरचा माणूस भोंग्यावरून सांगतो, "उजवीकडे बघा, बेडकासारखा दिसणारा डोंगर!" आम्ही त्याला कधी बेडूक म्हटलं नाही. आम्ही त्याला लाकडाचा डोंगर म्हणायचो, कारण तिथं जळण मिळायचं.

मग गुहा. आत जांभळे, हिरवे दिवे. गाण्याच्या बारमध्ये असतात तसले. वादळ आलं की आम्ही सगळे तराफे जवळ ओढून तिच्या तोंडाशी बांधायचो. बाबा आत शेगडी पेटवायचे. तिथं आता कचऱ्याचा डबा आहे, पेंग्विनच्या आकाराचा.

विहीणबाई — दिएपबाई — वाईट नाहीत. नुसत्या बोलतात. श्वाससुद्धा बोलतानाच घेतात. त्यांचा गुडघा, त्यांच्या इमारतीची लिफ्ट, थुआत लिफ्ट दुरुस्त करतो म्हणून शेजारच्या किती बायका त्याला ओळखतात. मला विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी म्हटलं, इथल्याच. तेवढ्यात ख्वेननं माझ्या ताटात भात वाढला. न मागता.

माकुळाच्या वड्या आल्या. पीठ! निम्मं पीठ! चेंडूसारख्या उडाल्या असत्या. दिएपबाई म्हणाल्या, "किती छान कुरकुरीत!" मी पाणी प्यायले.

आणि मग तो मासा. अख्खा, वाफवलेला. वरची बाजू संपली. दिएपबाईंनी बोलता बोलता चॉपस्टिक खाली घातल्या आणि मासा उलटायला घेतला. मी ताटच धरलं दोन्ही हातांनी. सगळे बघायला लागले. मासा उलटला की होडी उलटते, हे मला आईच्या दुधाबरोबर पाजलंय, ते बारा वर्षांत जात नाही. पण बोलायची सोय कुठं? मी म्हटलं, "खालच्या बाजूला काटे फार असतात." मूर्खासारखं. मग मी वरचा काटा उचलून बाजूला काढला आणि खालचं मांस त्यांना तसंच काढून दिलं. "तुम्हाला किती छान जमतं!" म्हणाल्या.

थुआत माझ्या हातांकडे बघत होता फक्त.

आता सगळ्यात घाण गोष्ट लिहिते. लिहायला लाज वाटते, पण इथं कोण वाचतंय.

मला बोट लागली.

मला! पाणी काचेसारखं. चहाचा कप हलत नव्हता. आणि मी कठड्याला धरून ओकत होते. पिठाच्या वड्या, मासा, सगळं. जमिनीवर आणलं तेव्हा तीन महिने जमीन लागली होती मला — भिंत धरून चालायचे, भात टिकायचा नाही. आता उलटं झालं. मला न विचारता झालं. थू!

९ मार्च, सकाळी

झोप नाही. पोरं खाली गाणी म्हणत होती, भोंग्यात तोंड घालून. परत एकदा ओकले. आज म्हणे 'कोळ्यांचं गाव' दाखवणार. वेताच्या होडीतून, कोळणी वल्हवणार. ख्वेननं सगळ्यांना सांगितलं, "आपण चौघं एकाच होडीत बसू. मी सांगून ठेवलंय."

मी खाली जाणार नाही म्हटलं. "आई, प्लीज." रडवेली झाली.

ठीक. पन्नास वल्हेवाल्या आहेत तिथं. नेमकी मुईताईच कशी भेटेल?

९ मार्च, संध्याकाळी, घरी

तीच भेटली.

सगळं नीट लिहून काढते.

गाव कसलं! पाच तराफे, पाच निळ्या खोल्या, वर पाटी. माणसं राहत नाहीत, कपडे दोरीवर टांगून ठेवलेत फोटोसाठी. धक्क्यावर होड्या लागल्या होत्या. आमच्या होडीत मुईताई उभी. शंकूची टोपी, नारिंगी जाकीट. वाळलीय. खालचे दोन दात नाहीत.

मला बघून तिच्या तोंडावरचं काही हललं नाही. "सांभाळून बसा हं, बाई," म्हणाली. मला. बाई!

आमचं भांडण बाबांच्या हाडांवरून. बाबा तराफ्यावर असतानाच वारले, बेटावरच्या वाळूत पुरले. तीन वर्षांनी हाडं काढून, धुऊन परत ठेवायची असतात. ती मी काढली आणि इथल्या टेकडीवरच्या स्मशानात आणली. त्या बेटावर कोण जाणार होतं दर वर्षी होडी करून? तिला न विचारता आणली, हेही खरं. ती दारात उभी राहून ओरडली, "तू बाबांना कोरडं केलंस!" आणि म्हणाली, तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. नाही ठेवला. सरकारी घर सोडून परत पाण्यावर गेली, लोकांना फिरवायला.

दिएपबाई बसल्या बसल्या सुरू. पिशवी ओली होऊ नये म्हणून पाणी उपसायचा डबा उचलला, उलटा ठेवला, त्यावर पिशवी ठेवली.

होडीत काही उलटं ठेवायचं नसतं. ताट नाही, टोपली नाही, डबा नाही. उलटं बघितलं की होडीला तसंच करावंसं वाटतं. मी ताईकडे बघितलं. तिनं वल्हं न सोडता पायाच्या अंगठ्यानं पिशवी सरकवली, डबा सरळ केला.

"किती वर्षं वल्हवता हो मावशी?" दिएपबाई.

"जन्मल्यापासून."

"अरे बापरे! घरी कोण कोण?"

"एक बहीण आहे. जमिनीवर असते."

"येते का भेटायला?"

"नाही हो," ताई म्हणाली, "पाणी लागतं तिला."

आणि माझ्या पोटातून आलं! तेव्हाच! मी होडीच्या काठावर पालथी. दिएपबाईंनी पाठ चोळली. "आमच्या विहीणबाईंना कालपासून त्रास होतोय. सवय नाही ना त्यांना."

"दिसतंच आहे," ताई म्हणाली. "शहरातल्या बायकांना सोसत नाही."

तिनं मला झाकलं की मारलं, मला अजून कळलेलं नाही. दोन्ही असेल.

वल्हं पायाखाली दाबून ती वाकली. कमरेच्या पिशवीतून आल्याचा तुकडा काढला, दातानं चकती तोडली, माझा सदरा वर करून बेंबीवर दाबली, वर चिकटपट्टी लावली. आई असंच करायची. तिचा हात गार होता आणि मासळीचा वास येत होता. माझ्या कानाशी तोंड आणून एवढंच म्हणाली, "बाबा कसे आहेत?"

मी म्हटलं, बरे आहेत.

मेलेल्या माणसाला आणखी काय म्हणायचं असतं!

दिएपबाईंनी परत डबा उलटा केला. पिशवी परत वर. ताईनं परत सरळ केला. बाईंचं लक्षच नाही, त्या खडकावरची माकडं बघत होत्या. तिसऱ्यांदा त्यांनी हात घातला तेव्हा थुआतनं डबा काढून घेतला. "आई, पिशवी माझ्याकडे दे." पिशवी मांडीवर घेतली, डबा सरळ करून ताईच्या पायाशी ठेवला. बस. बाकी तो तोंडातून शब्द काढत नाही, लिफ्टशीच बोलत असेल.

ख्वेन तोंड फिरवून पाण्याकडे बघत होती. सगळा वेळ. मावशीला एकदा 'कशी आहेस' नाही. लहान असताना त्याच बाईच्या पाठीला फडक्यानं बांधलेली असायची, वल्ह्याच्या तालावर झोपायची.

धक्क्यावर उतरताना ताईनं सगळ्यांना हात दिला. मलाही. सगळ्यांना म्हणाली तेच मला म्हणाली, "पुन्हा या हं, बाई."

आणि मी काय केलं? मान हलवली. 'हो' म्हटलं. बोटीवर जाऊन कॉफी प्यायले त्या दोघांबरोबर! एवढ्या मोठ्या सोनेरी बोटीत माझ्याइतकं घाण काही नव्हतं. त्या पिठाच्या वड्यासुद्धा नाही.

आलं अजून बेंबीवर आहे. काढवत नाही.

१० मार्च

ख्वेनला बोलले. सगळं बोलले. म्हटलं, त्या बाईनं तुला वाढवलं, मी रात्रभर माकूळ पकडायला जायचे तेव्हा. तू तिच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. एवढी लाज वाटते तर नाव बदल, आई बदल. हनोईला जा आणि म्हण, आभाळातून पडले.

ती म्हणाली, "तूही नाही बोललीस, आई."

थोबाडीत मारावी म्हणून हात उचलला. मारली नाही. खरं बोलली ना.

"चार दिवस थांब," म्हणाली. कशाला थांबू? मी ठरवलंय. दिएपबाईंना फोन करून सांगणार — ती वल्हेवाली माझी सख्खी थोरली बहीण, मी तराफ्यावर जन्मले, तुमची होणारी सूनही तिथलीच. पटलं तर या मागणीचे पान-सुपारीचे डबे घेऊन, नाही तर नका येऊ.

११ मार्च

फोन केला. आधी पाच मिनिटं गुडघा. मग मी सांगितलं.

दिएपबाई गप्प! मग म्हणाल्या, "अगं बाई. आणि मी त्यांना बहिणीबद्दल विचारत बसले." मग म्हणाल्या, थुआतशी बोलते आणि कळवते.

कळवा. मी माकूळ कुटतेय.

१२ मार्च

काही नाही. ना फोन, ना निरोप. दोन किलो वड्या करपवल्या.

१३ मार्च

ख्वेन ऑफिस बुडवून पहाटेच पाण्यावर गेली होती. दुपारी आली ती मावशीचा निरोप घेऊन. तसाच लिहिते: "मुलगा चालेल. डबा त्यानं न सांगता सरळ केला. त्याच्या आईला शिकवावं लागेल, पण मनानं बरी आहे."

मला कळेना. मग ख्वेननं सांगितलं. सगळं मुईताईनंच ठरवलं होतं. ती बोट, ती होडी, ओळख न दाखवणं. म्हणाली होती, "मावशी म्हटलं की गोडच वागतील. परक्या वल्हेवालीशी कसे वागतात, ते बघू दे मला." म्हणजे मुलगा बघण्याचा कार्यक्रम होता तो! आणि मी ओकत होते.

दिएपबाईंचा फोनही आला. मी पाण्यावरची, हे थुआतला त्या माशाच्या वेळीच समजलं होतं म्हणे. उदबत्ती कोण लावणार, विचारत होत्या.

ताई येतेय. कपडे कुठले घालू, असं विचारलंय तिनं. आणि आधी टेकडीवर नेशील का, असंही.

सांगितलं, वल्हवतेस तेच घालून ये. आणि येताना समुद्राचं पाणी आण, डबाभर. बाबांना ओलं करू.