पाटात बसलेली आई

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर आधी तुझा खोकला आठवावा लागतो. मला अक्षर येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. मी सांगते, नात लिहिते. माझं बोलणं ती शाळेच्या भाषेत नीटनेटकं करते, तेव्हा मी कुठं जास्त शहाणी वाटले तर फसू नकोस. "आजी, हळू सांग ना, बोटं दुखत्यात," असं ती आत्ताच म्हणाली. या बोटांसाठीच तुला सांगायला बसलेय.

मागच्या उसाच्या हंगामात तिची बोटं सुजायला लागली. सकाळी उठली की वेणी घालता येईना, बाटलीचं झाकण निघेना. मी म्हटलं, पोर अशक्त झाली. शिरूरला नेऊन ताकदीचं लाल सलाईन चढवलं, डिंकाचे लाडू केले, बोकडाच्या पायाचा रस्सा पाजला. मी ताकद घालत गेले आणि सूज वाढत गेली. शेवटी पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, लाडवांनी काही बिघडलं नाही, पण वेळ गेला. हिच्यात ताकद कमी नाहीये. रोगाशी लढणाऱ्या पेशी हिच्याच सांध्यांवर उठल्यात. त्यांना आवरणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, थोड्याच. त्या कमी पडतायत, नाहीतर त्यांचं कुणी ऐकत नाहीये." मी विचारलं, "म्हंजी भांडणात मधी पडणारी माणसं?" बाई हसल्या. म्हणाल्या, "तशीच." "मग ती वाढवायचं इंजेक्शन द्या की." तर म्हणाल्या, "ते अजून कुणाला जमलं नाही, आजी. त्यांची ओळखच आत्ता आत्ता पटायला लागलीय. तोवर गोळ्यांनी सगळ्याच लढणाऱ्यांना जरा मंद करायचं. पण गोळी मनानं बंद करायची नाही. बोटं कायमची वाकतील."

आणि तिथं, त्या दवाखान्याच्या बाकावर, मला तू दिसलीस. पाटसकडचा आपला मळा, कॅनॉलच्या पाण्याची पाळी, आबा आणि चुलते खोरी उगारून समोरासमोर उभे आहेत. तू घागर खाली ठेवतेस, लुगडं खोचतेस आणि सरळ पाटात फतकल मारून बसतेस. पाणी तुंबतं, कुणाच्याच सरीत जात नाही. "मारा की, थांबला का? पानी आता माझं हाय," म्हणतेस आणि मिसरी लावायला घेतेस. चुलते नरमतात. "वैनी, उठा. गारठा लागंल." "लागू द्या." मग दोघंही खोरी टाकून बांधावर बसतात, बिडी मागतात एकमेकांकडं. परगावचा एकजण आपलं पाणी फोडून नेत होता, त्या दिवशी मात्र तू बसली नाहीस. तूच खोरं उचललंस! हे मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या पेशींनाही एवढं कळावं लागतं. ऊठसूट आवरत बसल्या तर त्यांच्या आडोशाला कॅन्सरची गाठ पोसते.

गोळ्यांनी पोरीचं तोंड सुजल्यासारखं गोल झालं. वर्गातल्या पोरी तिला बटाटावडा म्हणतात. एका संध्याकाळी तिनं गोळी भिंतीवर फेकली. माझ्या लेकानं तिच्यावर हात उचलला, सून त्याच्या अंगावर धावली. मी गोळी शोधली, पुसली आणि उंबऱ्यात बसले. "ही पोटात गेल्याबिगर कुणी भायेर जायाचं न्हाई." लेक म्हणाला, "आई, ऊठ, कंपनीची गाडी येईल." "जाऊ दे गाडी." नात म्हणाली, "आजी, नाटकं नको करू." म्हटलं, "नाटकं माझ्या आईची हायेत, त्यांना नावं ठेवू नको." बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. मी हलले नाही. मग पोरीनं गोळी घेतली, पाण्याचा तांब्या आदळला आणि तोंड फिरवून बसली.

आता रोज संध्याकाळी बसते. गुडघे बसू देतात, उठू देत नाहीत. लेक हाताला धरून उठवतो आणि म्हणतो, डुलकी तरी कशाला काढायची तिथंच. सूज उतरलीय, पेन धरता येतंय, ते तू बघतेयसच. पुढं काय, ते बाईही छातीठोकपणे सांगत नाहीत. हे पत्र कुठं टाकणार? लाडवांच्या डब्यात ठेवीन. डबा रिकामाच आहे. तिला नकोसे झाले म्हणून सगळे लाडू मीच संपवले.

मला वाटायचं, पाटात बसल्यावर कधी उठायचं ते तुला ठाऊक असायचं. आता स्वतः बसल्यावर कळतं, बसणाऱ्याला काहीच ठाऊक नसतं. थकलेय गं. आणि भ्या वाटतं, आये. तुलाही वाटायचं का? एवढं मात्र लिहू नको, असं पोरीला म्हटलंय. मला वाचता येत नाही, पण पेन हलताना दिसतंय.