चिपवरच्या गोगलगायीची शिंगं

४ मार्च
आजपासून वही. कुणी वाचणार नाही, म्हणून खरंच लिहायचं.
काकांनी आज सगळ्यांना बोलावलं. सगळे म्हणजे नऊ जण आणि मी. काकांची शिंचू शहरातली कंपनी सर्व्हर बनवते. डबा आमचा, पंखे आमचे, आतला प्रोसेसर विकतचा. प्रोसेसरवाल्या मोठ्या कंपनीनं आज कळवलं, तुमचा नंबर नऊ महिन्यांनी. काकांनी टेबलावर हात आपटला. म्हणाले, "मग आपला आपण बनवू!" चहा सांडला.
टाळ्या सगळ्यात आधी मी वाजवल्या. मनात.

५ मार्च
संकल्प: रोज निदान एका माणसाशी बोलायचं.
पेई-शान ताई आता प्रोसेसरची मुख्य डिझायनर; आराखडा तिच्याकडे कधीचा तयार होता. ती आपणहून आली. म्हणाली, "युन्शी, तुझा हात चांगला आहे. चिपच्या कोपऱ्यात जरा जागा आहे, तिथे कंपनीचं नाव काढशील?" मी मान हलवली. हे बोलण्यात धरलं.
म्हणजे मी डिझाइनमध्ये! पद (सध्या फक्त वहीत): रणनीती प्रमुख.

११ मार्च
आईचं परत शाळा. नववीनंतर सोडली, आता सतरा पूर्ण. उत्तर येत असूनही तोंड उघडायचं नाही म्हणून वर्गात मला गोगलगाय म्हणायचे. एकदा सरही म्हणाले. तिथे कोण परत जाणार.
आई सकाळी भाताचे गोळे विकते. गोळा वळता वळताच म्हणाली, "तुमची ती चिप चालली, तर शाळेचं नाव काढणार नाही. नाही चालली, तर तीस ऑगस्टला गणवेश. कबूल?"
लगेच कबूल. बिचारी आई. हरल्यातच जमा.

२ एप्रिल
रणनीती तयार. पहिल्या वर्षी आपला तैवान. दुसऱ्या वर्षी जपान. तिसऱ्या वर्षी ती मोठी कंपनी आपल्याकडे येणार, आमचा नंबर कधी? आपण सांगायचं, नऊ महिन्यांनी.
काकांना उद्या सांगते.

३ एप्रिल
नाही सांगितलं. काका सूप पीत होते.

८ एप्रिल
सूप पीत नव्हते, पण पिणार होते.

१९ एप्रिल
कंपनीचं नाव काढून झालं. शेजारी जागा उरली. डिझायनर लोक चिपवर गुपचूप चित्रं काढतात. ताईनंच सांगितलं, तिनं एका चिपवर स्वतःचा बोका काढला होता, केसाहून बारीक. मी गोगलगाय काढली. ज्यांनी नाव ठेवलं त्यांचे सगळे फोन एक दिवस माझ्या गोगलगायीवरून जाणार!
ताई हसली. "राहू दे."
मग कॉम्प्युटरनं अख्खी चिप तपासली. एकही चूक नाही. जन्मात पहिल्यांदा शंभरपैकी शंभर.

२२ एप्रिल, दुपारी २
आज पाचला फाइल कारखान्यात जाणार. एकाच चकतीवर वीस कंपन्यांच्या चिपा बनतात, बससारखं. आजची चुकली की पुढची तीन महिन्यांनी. ताई ओरडली, "आता कुणी कशाला हात लावायचा नाही. शिंकायचं तरी बाहेर जाऊन!"

४.४०
गोगलगाय परत पाहिली. शिंगांशिवाय ती पाव वाटते. जगातला सगळ्यात वेगवान प्रोसेसर, आणि त्यावर पाव? कोपऱ्याची फाइल माझ्याकडेच आहे. दोन रेघा. दोन रेघांनी काय होतंय.

५.०५
गेली! काकांकडून सगळ्यांना बबल टी. मी दोन प्यायले. आता गोगलगायीसारखीच दिसते.

२ जुलै
वाट बघणं हेही कामच आहे.
आमच्या मोठ्या मशीनवर नारळी कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलेलं असतं, मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून. हिरवंच लागतं, लाल-पिवळं चालत नाही. आणि ते खायचं नसतं.
आज खाल्लं.

३ जुलै
दुकानात हिरवं दिसलं नाही. विचारायचं तर बोलावं लागलं असतं. रिकाम्या पाकिटात फुंकर मारून चिकटवलं. मशीनला काय कळतंय.

१२ ऑगस्ट
चिपा आल्या! चाळीस! भुतांचा महिना चालू, नवीन काम सुरू करू नये म्हणतात. म्हणून काकांनी दारात टेबल मांडलं, फळं, बिअर, उदबत्त्या. भुतांना म्हणाले, "खा, प्या, पण आत येऊ नका."
ताईनं पहिली चिप बसवली. वीज दिली. काही नाही. परत दिली. तापली. ताई म्हणाली, "यावर अंडं होईल."
काका म्हणाले, "मग अंड्याचं मशीन म्हणून विकू."
उरलेल्याही लावून पाहिल्या. चाळीसच्या चाळीस तशाच.

१३ ऑगस्ट
ताईनं हिरवं पाकीट उचललं. हलकं लागलं. काका लालबुंद. "माझा प्रोसेसर मारला, तोही कुरकुऱ्यांसाठी? कोण तो खादाड?"
मी बाहेर सटकले. तीन दुकानं फिरले. दुकानदारांशी बोलले, दोनदा! सहा हिरवी पाकिटं आणून गुपचूप ठेवली. चिप तरी तापतेच.

१९ ऑगस्ट
सांगितलं!! सगळ्यांसमोर. "मी खाल्लं."
काका म्हणाले, "अरे, ही बोलते!"
ताईनं पाठीत धपाटा घातला. "वेडाबाई, पाकिटानं चिप तापते होय? चूक आपल्यातच कुणाची तरी आहे."
काय हलकं वाटलं! म्हणजे मी नाही, दुसरंच कुणीतरी. ज्यानं केलं त्याला मी मोठ्या मनानं माफ करायचं ठरवलंय. चूक शोधायला ताईला मदत करणार. शाळेला अजून अकरा दिवस आहेत, भरपूर.

२३ ऑगस्ट
ताईनं चिप मायक्रोस्कोपखाली धरली. बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाली, "ये, बघ."
इतकी सुंदर आलीय! वीज आणणारी तार डाव्या शिंगाला, परत नेणारी उजव्या शिंगाला टेकलीय. सगळी वीज गोगलगायीतून जाते. पुढे प्रोसेसरला काहीच पोचत नाही.
तपासणीनंतर शिंगं कुणी काढली, ते तिनं विचारलं नाही.
मी म्हटलं, "पाव वाटत होती."
हे बोलण्यात धरलं नाही.
काकांनीही वाकून पाहिलं. मग म्हणाले, "पुढच्या बसला कोपरा रिकामा." दारापाशी जाऊन वळले. "गोगलगाय तेवढी पहिल्या फटक्यात चालली."

३० ऑगस्ट
गणवेश. आईनं इस्त्री कालच करून ठेवलेली. भाताच्या गोळ्यात आज अंडं जास्त घातलं.
बाईंनी उभं केलं. नाव सांग, आणि इतके दिवस काय केलंस ते सांग. जगातला सगळ्यात वेगवान, इथपर्यंत जिभेवर आलं होतं.
"चित्र काढलं," म्हटलं आणि बसले.
शेजारच्या मुलीनं विचारलं, कशाचं? वहीच्या कोपऱ्यात काढून दाखवलं.
ती म्हणाली, "छान आहे पाव."
शिंगं नाही काढली.