चार चाकांतून मुक्ती

४ मार्च
गाडी विकली. मोकळं वाटतंय. या शहरात आता गाडी फक्त मूर्खांनी आणि श्रीमंतांनी ठेवावी. बहुतेकदा दोन्ही एकच असतात.
संध्याकाळी हिला सांगितलं. ही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, पहाटेच ड्यूटीवर निघते, त्यामुळे गाडी जास्त तीच वापरायची. म्हणाली, निदान विचारायचं तरी. मी म्हटलं, मोठे निर्णय विचारून होत नसतात. पटलं असावं. जेवणं होईपर्यंत अगदी गप्प होती.

५ मार्च
दोन सायकली आणल्या. खाली दातांचा डॉक्टर गाडी पुसत होता. समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतो. गाडी रणगाड्याएवढी, आत हा एकटा. त्याला सुनावलं, तुमच्यासारख्यांमुळे शहराला दमा झालाय. तो म्हणाला, बरोबर आहे तुमचं. मुद्दा सुचला नाही की माणसं अशी सरळ मान्य करून मोकळी होतात.

९ मार्च
सायकलचा मुहूर्त अजून नाही. सीट टोचते. टॅक्सीने गेलो. टॅक्सी माझ्या मालकीची नाही, तेव्हा तत्त्वाला धक्का नाही.
साहेबांना माझा निर्णय सांगितला. खूश झाले. ऑफिसात ‘बिनधुराचा प्रवास’ नावाची समिती काढली, अध्यक्ष मी. जमलं तर याच कामावर प्रमोशन.

१५ मार्च
आज निघालो. सिग्नलला गाड्यांची ही लांबलचक रांग. एकेका ड्रायव्हरकडे तुच्छतेने बघत पुढे सरकत होतो. त्या नादात फुटपाथवरचा कचऱ्याचा डबा दिसला नाही. गुडघा फुटला. डबा नको त्या जागी ठेवणाऱ्यांना अक्कल कधी येणार?
रांगेत दातांचा डॉक्टर होता. उतरला, सायकल डिकीत कोंबली, मला ऑफिसला सोडलं. नको म्हणणं असभ्य दिसलं असतं. गाडीतला एसी सुरेख आहे. पर्यावरणाला घातक, पण सुरेख.

२४ मार्च
गुडघा बरा होईपर्यंत डॉक्टरबरोबर जातोय. एका गाडीत दोघे, म्हणजे माणशी धूर निम्मा. हे त्याला समजावलं. माझ्यामुळे त्याचं अर्धं पाप फिटतंय, तरी आभाराचा शब्द नाही. ऐकून मात्र घेतो. मीही रोज वाटभर त्याचं प्रबोधन करतो. गाडी असलेल्या माणसाची बुद्धी कशी मंदावते, ते आज समजावलं.
ऑफिसच्या अलीकडच्या वळणावर उतरतो. हेल्मेट घालतो आणि चालत आत शिरतो. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. याला खोटं म्हणत नाहीत.

३ एप्रिल
ही रोज सायकलने जाते. लॅबमधल्या आणखी दोघी तिच्याबरोबर जायला लागल्यात. घरी येते ती गुणगुणतच. तिला म्हटलं, पेडल मारताना तुझा गुडघा बाहेर जातो, पद्धत चुकतेय. म्हणाली, सकाळी बरोबर चल आणि दाखव. सकाळी मला पेपर वाचायचा असतो.

१२ एप्रिल
हाडांच्या डॉक्टरने गुडघा ठणठणीत असल्याचं सांगितलं. हल्ली डॉक्टर नीट तपासतच नाहीत.
साहेबांनी शनिवारी माझं भाषण ठेवलंय. विषय, ‘माझा रोजचा सायकलप्रवास’. सगळा स्टाफ येणार. ही सुट्टी काढून येणार म्हणते. यायलाच हवं का, असं विचारलं. हसली फक्त.

१७ एप्रिल, शनिवार
हिला म्हटलं, मी तयारीसाठी आधी निघतो. डॉक्टरच्या गाडीत बसलो. पुलाआधी ट्रॅफिक असा तुंबला की इंजिन बंद करून बसावं लागलं. बाजूने सायकलवाले काचेला खेटून चाललेले. कसलीही शिस्त नाही. डॉक्टरला म्हटलं, हॉर्न वाजवा, त्याशिवाय या लोकांना कळत नाही. त्याने वाजवला.
एक सायकलवाला थांबला आणि वाकून आत बघायला लागला. साहेब होते. माझं ऐकून महिन्याभरापासून सायकलने येतायत म्हणे. रस्त्यात तुम्ही कधी भेटत कसे नाही, याचंच नवल वाटायचं, असं म्हणाले. मागे ही होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. साहेबांना म्हणाली, चला, उशीर होईल.
मी पोचलो तेव्हा भाषण ही करत होती. लोक मनापासून हसत होते. मी मागे उभा राहिलो. खुर्च्या भरल्या होत्या.
संध्याकाळी साहेबांचा फोन आला. समितीची जबाबदारी तूर्त दुसऱ्याकडे देतायत.

१९ एप्रिल
ही कालपासून नेहमीसारखीच बोलतेय. ओरडली असती तर उत्तर देता आलं असतं.
आज हिची ड्यूटी उशिराची. सकाळी दोघं बरोबरच खाली गेलो, तर डॉक्टर सायकलला हवा भरत होता. गाडी काढून टाकली म्हणाला. रोज तुमचं ऐकून शेवटी पटलंच. मी म्हटलं, अहो, मी चर्चा करत होतो.
ही म्हणाली, ये आमच्याबरोबर, हळू जाऊ. मी म्हटलं, माझ्यासाठी कुणी हळू जायची गरज नाही. ती बरं म्हणाली. दोघंही वळणावर दिसेनासे झाले.
मी सायकल हातात धरून निघालो. उतार लागला की बसायचं ठरवलं होतं. घरापासून ऑफिसपर्यंतचा रस्ता सगळा चढाचा आहे.