आयोनोनपुढची खूण

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड
रविवार दुपार

प्रिय रसिका,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न वाचताच फाडणार नाहीस, एवढ्या भरवशावर लिहितेय. फोन तू उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. शुभदा उचलते, पण तुझं नाव काढलं की पाणी आलं, गॅसवर दूध आहे, असं काहीतरी सांगून ठेवून देते. सख्खी बहीण आहे माझी, पण आधी तुझी आई, तिचा राग मला कळतो. तू आता मोबाईल कव्हरच्या दुकानात उभी राहतेस, हे मला तुझ्या उत्तमकाकांनी सांगितलं. असं नाक असलेली मुलगी प्लास्टिकच्या वासात दिवस काढतेय, हे ऐकून मला जेवण गेलं नाही.

कुलदीपभाईंच्या सुगंधी द्रव्यांच्या गाळ्यातला तुझा पहिला आठवडा आठवतो? मी आयोनोनचा डबा उघडून तुझ्यापुढे धरला होता. त्याचा वास ज्या फुलासारखा म्हणतात ते आयरिस आपण दोघींनी कधी पाहिलेलं नाही, डब्यावरच्या स्टिकरवर जांभळं चित्र होतं तेवढीच ओळख. तू म्हणालीस, बाळाच्या पावडरीचा वास आहे आणि त्याच्याखाली ओलं लाकूड. हे ओळखायला मला दोन वर्षं लागली होती, पण तेव्हा मी कबूल केलं नाही. मग तू परत हुंगलंस आणि गोंधळलीस, वास गायब. मी हसले. हे द्रव्य लबाड आहे, नाकाला चकवतं आणि थोड्या वेळाने आपणच परत येतं. म्हणून तुला बजावलं, नाकावर विसंबू नकोस, ओतलं की फॉर्म्युल्याच्या कागदावर पेन्सिलीने खूण कर. तू दर वेळी केलीस. मी कधीच केली नाही. तीस वर्षं मिक्सिंग केलेल्या बाईला खुणा कशाला, असा माझा तोरा.

एप्रिलमध्ये राई गावातल्या अगरबत्तीवाल्यासाठी मिसळलेला सुगंधाचा ड्रम बिघडला. आयोनोन दोनदा पडलं होतं. कागदावर खूण एकही नव्हती. कुलदीपभाईंनी विचारलं तेव्हा मी छातीठोक सांगितलं की एकदा मी ओतलं आणि दुसऱ्यांदा रसिकाने, मी डोळ्यांनी पाहिलं. तू एवढंच म्हणालीस, "मावशी, मी त्या डब्याला हातसुद्धा लावला नाही." त्यावर भाई म्हणाले, "गिरिजाबेन तीस साल से है, वो झूठ क्यों बोलेगी?" त्याच दिवशी तुला काढलं. अंधेरीच्या कंपनीत परफ्युमरचं काम शिकायला तुझी निवड झाली होती, त्यांनी चौकशी केली तेव्हाही भाईंनी हेच सांगितलं, आणि ती जागा गेली. मी खोटं बोलले नव्हते गं. मला खरंच तसं दिसलं होतं.

गेल्या महिन्यात तसाच दुसरा ड्रम बिघडला. आयोनोन दुप्पट, कागद कोरा. आणि गाळ्यात दिवसभर मी एकटीच होते. मी मनाची समजूत घातली की नाक थकलंय, वास आला नाही म्हणून परत ओतलं असणार. घरीही आमटीत दोनदा मीठ पडत होतं, तेही नाकाच्याच खात्यावर टाकलं. नाकाच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, नाक ठणठणीत आहे, आणि मला तिथेच रडू फुटलं. माणसं वाईट रिपोर्टला रडतात, मी चांगल्याला रडले. त्यांनी पुढे मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आजाराचं नाव तू शुभदाकडून ऐकशीलच. थोडक्यात, माझ्या हातून झालेलं मलाच आठवत नाही, आणि मोकळी राहिलेली जागा डोकं आपल्या मनाने भरून टाकतं. घरी येऊन मी एप्रिलची माल पोचवल्याची चलनं काढली. त्या दिवशी अकरा ते दीड तू राईला सॅंपल पोचवायला गेली होतीस, तिथल्या माणसाची सही आहे, वेळ आहे. आणि बिघडलेल्या ड्रमच्या चलनावर मिसळल्याची वेळ आहे, बारा ते एक.

कुलदीपभाईंना मी सगळं सांगितलं. ते हसले, म्हणाले भाची को बचा रही हो. माझं तोंडी बोलणं आता कुणी खरं धरणार नाही, म्हणून हे लिहून देतेय. दोन्ही चलनांच्या प्रती सोबत आहेत, पानापानावर सही केलीय. अंधेरीवाल्यांकडे पुढच्या महिन्यात परत भरती आहे, हे त्यांना दाखव. पण रसिका, लिहिण्याचं खरं कारण वेगळंच आहे. हे सगळं कळूनही डोळे मिटले की मला तूच तो डबा कलता करताना दिसतेस, अगदी हातातल्या बांगडीसकट. आज मला ठाऊक आहे की ते खरं नाही. वर्षभराने ठाऊक असेलच असं नाही. तेव्हा मी चारचौघांत तुझ्याकडे बोट दाखवून म्हणेन, हिनेच ओतलं, मी पाहिलंय. तू माझ्याशी वाद घालू नकोस, रडू तर मुळीच नकोस. हे पत्र माझ्यापुढे धर आणि सांग, मावशी, तुझंच अक्षर आहे, वाच.

तुझीच मावशी,
गिरिजा