जोडावरचं घर

ग्लेनकर्न, मंगळवार

प्रिय आयोना,

गावावर घोर अन्याय झाला आहे, तो आधी तुझ्या कानावर घालतो. सभागृहातली चहाची खिडकी बंद झाली. तू ज्यांच्यासाठी फोटो काढतेस त्या खाणवाल्यांनी आपल्या डोंगराचं, फोटोला फोटो जोडून केलेलं तुझं ते लांबलचक चित्र नेमकं तिच्यासमोर उभं केलंय. आठवडाभर गावातली प्रतिष्ठित मंडळी कडेच्या फटीतून हात घालून चहाबरोबरचे स्कोनपाव ओढून घेताहेत. काल आपल्या रखवालदाराचा, मर्डोचा, हात कोपरापर्यंत अडकला. त्याच्या शिव्या ऐकून पाद्रीबाईंनी मान फिरवली. स्कोन मात्र त्यांनीच खाल्ला.

चित्र झकास आहे. हे बापाचं कौतुक नव्हे, फोटोक्लबातल्या खडूस म्हाताऱ्याचं मत आहे. क्षितिज सरळ आहे. लहानपणी तू पहिल्यांदा तळ्याचे फोटो जोडलेस तेव्हा तळं केळ्यासारखं वाकलं होतं आणि तुझी आई ओरडली होती, "अगं, पाणी सांडेल!" आता तसं काही नाही. आभाळ एका फोटोत निळं आणि शेजारच्यात जांभळं, असंही नाही. रंगही तू आवरते घेतलेस. आमच्या क्लबातले लोक हल्ली गवत असं रंगवतात की मेंढ्यांनी तोंड लावण्याआधी विचार करावा.

पण टॅम दोनदा आलाय. एफीआत्याचा कुत्रा कुंपणापाशी धावतोय, आणि जरा पुढे तोच पुन्हा धावतोय. तू कॅमेरा फिरवत गेलीस आणि तोही त्याच दिशेला पळाला, एवढं कळतं. हलता जीव दोन फोटोंत आला तर एक पुसावा, हे मीच तुला शिकवलं होतं. तू पुसलंस खरं, पण भलतंच.

रविवारी एफीआत्या स्वतः चित्र बघायला उतरली. ऐंशी उलटली तरी माझी ही आत्या त्या डोंगराच्या खांद्यावर एकटी राहते आणि गाडीही स्वतःच हाकते. चष्मा लावून ती चित्राच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत गेली, परत आली, आणि मर्डोला म्हणाली, "मी कधी गेले रे? कळवायचं तरी. केक करून ठेवला असता."

मर्डो म्हणाला, "नीट बघा आत्याबाई, झाडामागे असेल."

"झाडामागे? घर आहे ते माझं, मांजर नव्हे! कुत्रा दोनदा आणि मी एकदाही नाही. ड्यूगल, पोरा, लेकीला सांग, टॅम छान आलाय."

सगळे हसले. मीही हसलो. आत्या हसत नव्हती. तिनं बोट चित्रातल्या गवतावर टेकवलं होतं आणि ते ती उचलत नव्हती.

ती गेल्यावर मी भिंग आणलं. गवताचा एकच झुबका शेजारी शेजारी तीनदा उगवलाय. त्याच्या बाजूला धुराड्याची सावली पडलीये, आणि धुराडं नाही. काय झालं असेल ते मला दिसतं. तू कॅमेऱ्याचं तिकाटणं कुंपणाला खेटून लावलंस. कुंपणाच्या जवळच्या तारा जुळल्या, मग लांबचं घर दोन फोटोंच्या जोडावर फुटलं. दोन धुराडी, अर्धं दार. "वेळ नव्हता, जोड सगळेच झाकतात," असं तू आईला फोनवर म्हणालीस म्हणे. मला पटतं. तुला कुणी घर पुसायला सांगितलं नव्हतं. फाटल्यावर ठिगळ लावावं तसं तू गवत लावलंस.

पण चित्राखाली दुसऱ्या कुणीतरी ओळ लिहिलीये: "दृष्टीच्या टप्प्यात वस्ती नाही." त्या ओळीच्या जोरावर खाणवाले आत्याच्या मागच्या कड्यापर्यंत सुरुंग लावायची परवानगी मागताहेत. तिचा पाण्याचा झरा त्याच कड्याखाली आहे. शुक्रवारी सुनावणी आहे, आणि टेबलावर तुझं चित्र असणार.

तुझी आई म्हणते, "पोरीची नोकरी आहे, जपून लिहा." म्हणून इतका वेळ विनोद केले. आता पुरे.

मूळ फोटो तुझ्याकडे आहेत. कुंपण सोड, घर जुळव. तारा तुटल्या तर तुटू देत, तुटक्या तारेनं कुणी बेघर होत नाही. नाहीच जुळलं, तर जोड उघडा ठेव आणि घराचा अखंड फोटो शेजारी लाव. शुक्रवारी तू स्वतः ते घेऊन आलीस, तर मुलीनं चूक सुधारली एवढंच लोक म्हणतील. नाही आलीस, तर मी भर सभेत उठून सांगेन की माझ्या मुलीचं चित्र खोटं आहे. मी हे करेन, तुला माहीत आहे. म्हणूनच फोन केला नाही. फोनवर तू रडली असतीस आणि मी विरघळलो असतो. मर्डो उद्या डनीडनला येतोय, हे पत्र तो तुझ्या हातात देईल.

मी आता निघतो. गाडीत लाकडं भरलीत. गेल्या थंडीत आत्याकडून सरपण आणलं होतं, ते परत करायचं राहूनच गेलं. तिच्या पडवीत रचून येतो.

कसाही असलो तरी तुझाच,
बाबा