ओहोटी न पाहिलेला अहवाल

२८ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. पुढेमागे आत्मचरित्र लिहावं लागलं तर मटेरियल हाताशी हवं.
मोठी असाइनमेंट मिळाली. चौलच्या पलीकडे बागदांडा नावाचा कोळीवाडा आहे. तिथल्या खाडीच्या तोंडावर चिरागभाईंना जेटी आणि गोदामं बांधायची आहेत. पर्यावरणावर त्याचा काय परिणाम होईल ते आमची कंपनी सांगणार. कंपनीतर्फे मी. परिणाम काय होईल ते चिरागभाईंनी फोनवर सांगितलंच आहे: काही नाही. आता फक्त अभ्यास बाकी.
बॉस हेतल मॅडम म्हणाल्या, हा प्रोजेक्ट पास झाला तर एप्रिलपासून तू असोसिएट डायरेक्टर. घरी सांगितलं. नूतन म्हणाली, मागच्या एप्रिललाही हेच होतं. बायकोकडे व्हिजन नाही.
संकल्प: या वेळी साइटवर स्वतः जायचं. इम्पोर्टेड ट्रेकिंग बूट घेतले.

६ नोव्हेंबर, सकाळी ९.४०, गेटवे
आमच्याकडची नवी मुलगी क्रांती म्हणत होती, सर, भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघून जाऊ, ओहोटी सकाळी सातच्या सुमारास आहे. तिला समजावलं की आपण कन्सल्टंट आहोत, बगळे नाही. दहाची कॅटमरान. एसीतली सीट.

६ नोव्हेंबर, रात्री ८
व्हिजिट सक्सेसफुल. मांडव्याहून सदाची गाडी केली होती. हा सदा बागदांड्याचाच. बडबड्या. साडेबाराला साइटवर.
निरीक्षणं: पाणी काठोकाठ. चिखलाचा पट्टा नाही. शिंपले, खेकडे, काही नाही. किनाऱ्याला एकही होडी नाही, पुरुषमंडळी गायब. म्हणजे मासेमारी जवळपास बंद पडलेली दिसते. (कालच पौर्णिमा झाली. दमून झोपले असतील.) एकूण वीस मिनिटं. बूट कोरडे.
मग आवडाबाईंच्या खानावळीत जेवलो. तिसऱ्यांचं कालवण, तांदळाची भाकरी. काय चव! दोन वाट्या परत मागितल्या. असं मुंबईत मिळत नाही. कुठून आणतात कोण जाणे. सदाने आवडाबाई ताट वाढत असताना माझा फोटो काढला. चांगला आलाय, पोट दिसत नाही.

१९ नोव्हेंबर
अहवाल जवळजवळ पूर्ण. मागचा कच्छचा तयार होता, त्यावरच केला. रानगाढव काढायचं राहिलं होतं, काढलं. उंट राहू दिला, बीचवर असतात.
‘शिंपले: आढळले नाहीत. खाडीवर अवलंबून उपजीविका: आढळली नाही.’ स्वच्छ, नेमकी भाषा. वाचून मलाच बरं वाटलं.
‘स्थानिकांशी सल्लामसलत’ या मथळ्याखाली फोटो लागतो. स्थानिक माणूस असलेला एकच फोटो निघाला, खानावळीतला. लावला. क्रांती म्हणाली, सर, ताटात तिसऱ्या दिसतायत, म्हणजे शिंपलेच. म्हटलं, सरकारी माणसं फोटो बघत नाहीत, मोजतात.

२ डिसेंबर
जनसुनावणीची तारीख सुचवायची होती. इथे माझा अनुभव कामी आला. पौर्णिमा-अमावास्येला हे लोक पूजाबिजा करत घरी असणार. म्हणून मुद्दाम मधली नवमी काढली, १२ जानेवारी. कामाचा दिवस, होड्या समुद्रात, मांडव मोकळा. (मासेमारी नाहीच. पण असलीच तर.) वर तारीख मान्य झाली.
हेतल मॅडमना सांगितलं. त्या गुजरातीत म्हणाल्या, स्मार्ट छे. नूतनला सांगितलं. ती म्हणाली, त्यांना विचारलंस का? ज्यांनी येऊ नये म्हणून तारीख काढली त्यांनाच कसं विचारणार? साधं लॉजिक नाही.

९ जानेवारी
भाषण पाठ. ‘विकास आणि निसर्ग हातात हात घालून.’ आरशासमोर चार वेळा. व्हिजिटिंग कार्डं नव्या हुद्द्याची छापायला टाकली. एप्रिल काय, आलाच.

१२ जानेवारी, सकाळी १०.३०, बागदांडा
शाळेच्या पटांगणात मांडव. खुर्च्या दीडशे सांगितल्या होत्या, उगाच जास्त झाल्या असं वाटत होतं.
आता उभं राहायला जागा नाही. किनाऱ्यावर होड्याच होड्या, ओळीने ओढून ठेवलेल्या. अख्खा कोळीवाडा आंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून हजर. सदाला बाजूला घेऊन विचारलं, हे सगळे कामावर का नाहीत. म्हणाला, साहेब, आज भांग हाय. अष्टमी-नवमीला पाण्याला जोर न्हाय, डोलीच्या जाळ्यात मासा येत न्हाय. पुनवेला आन् अवसेला उधाण, तवा आम्ही दर्यात. भांग म्हंजे आमचा रविवार. तुम्ही बराबर दिवस काढलात, गावात सगळे तुमचं नाव घेतायत.
मग आधी का नाही बोललास, विचारलं. म्हणाला, तुम्ही इचारलंत कवा?
ठीक आहे. गर्दी म्हणजे लोकसहभाग. याचंही क्रेडिट घेता येईल.

१२ जानेवारी, दुपारी ४
भाषण तिसऱ्या वाक्याला थांबलं. पडद्यावर ‘शिंपले: आढळले नाहीत’ होतं आणि पुढची स्लाइड आपोआप आली. मी, ताट, आवडाबाई. दहा फुटांची आवडाबाई.
मग खरी आवडाबाई पुढे आली. माइक तिने घेतला नाही, लागतच नव्हता. म्हणाली, ही मीच हाय. या साहेबांनी माज्याकडं तिसऱ्या खाल्ल्या, तीन वाट्या. (दोन. पहिली ताटातली होती.) त्या ढगातनं पडल्या काय? त्याच दिशी सकाळी याच खाडीत चिखलात उतरून काढल्या मी. हे आले तवा भरती, सगळं पाण्याखाली.
पुढे म्हणाली, होडीचं काम आमच्या मालकाचं, चिखलाचं माजं. मालक दर्यात गेला तो आला न्हाय, तवा या चिखलावर तीन पोरी वाढवल्या. आन् कागदात म्हणतात उपजीविका न्हाय. मंग आम्ही काय वारा खाऊन जगलो?
कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याने जास्त वाईट वाटलं. बायका नुसत्या एकेक करून तिच्यामागे उभ्या राहिल्या. चव्वेचाळीस. क्रांतीने मोजल्या.
सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी विचारलं, उंट कुठे आहे? माझ्याकडे उत्तर तयार होतं. दिलं नाही.
भूक लागली म्हणून खानावळीत गेलो. वरण-भात आला. कालवणाचं विचारलं. आवडाबाई म्हणाली, तुमच्या कागदात न्हायत, तं ताटात कुठनं येतील?

१३ जानेवारी
अहवाल परत. शेरा: ‘ओहोटीच्या वेळी, गावातील महिलांना सोबत घेऊन फेरपाहणी करावी. अहवाल तयार करणाऱ्याने स्वतः हजर राहावे.’
चिरागभाई फोन उचलत नाहीत. हेतल मॅडमनी उचलला. फेरपाहणी क्रांती लीड करेल, मी असिस्ट. तात्पुरती अरेंजमेंट असणार. नव्या पिढीला संधी द्यावी असं माझंच मत होतं. कार्डं मात्र छापून आली.

२० जानेवारी, सकाळी ८.३०
अमावास्या होऊन दोन दिवस. उधाणाची ओहोटी. काल रात्री गावातच मुक्काम, सकाळी सातला खाडीवर.
जिथे मी पाणी बघितलं होतं तिथे पार कांदळवनापर्यंत चिखल. त्यात वाकलेल्या बायका. विळ्याच्या टोकाने चिखल उकरायचा, खालून तिसरी, खुबा, कालव काही ना काही निघतंच. खेकडे माझ्याकडे बघून बिळात जात होते. क्रांती गुडघाभर चिखलात, प्रत्येकीला नाव, वय, किती वर्षं करता, असं विचारत लिहीत होती. मी टोपली धरली होती.
माझं निरीक्षण असं, की बूट चिखलासाठी बनवलेले नाहीत. दहाव्या पावलाला दोन्ही रुतले. हलता येईना. आवडाबाई आली, हात दिला. धरला. पाय आले, बूट नाही. म्हणाली, ऱ्हाऊ द्या, अनवाणी चाला, तवा कळंल. राग नव्हता तिच्या बोलण्यात. तो असता तर सोपं गेलं असतं.
क्रांतीने तिला विचारलं, अहवालात तुमचं काम काय लिहू? ती माझ्याकडे बघून म्हणाली, यांना इचार, यांनी आधी लिवलंय.
मी टोपली दुसऱ्या हातात घेतली.

२० जानेवारी, दुपारी १.३०
बूट आणायला परत गेलो. भरती.
काठावर उभा राहून बराच वेळ बघितलं. पाणी काठोकाठ. चिखल नाही, शिंपले नाहीत, बूट नाहीत. अगदी माझ्या अहवालात लिहिलंय तसं.